चौदा मिनिटांपूर्वीची बातमी

मी नववीत शाळा सोडली. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं आणि मोठे शब्द मला येत नाहीत. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. शमशूचाचांचं आणि माझं जे बोलणं झालं ते झालं तसं लिहितो.

“…ते सगळं राहू दे. तू जे तापमान ओरडून सांगितलंस, ते कधीचं होतं?”

“तेव्हाचंच, चाचा. स्क्रीनवर आलं आणि मी लगेच सांगितलं.”

“लगेच?”

“एक सेकंद घालवला नाही.”

चाचांनी बशीतला चहा संपवला आणि बशी पालथी ठेवली.

शमशुद्दीन मुकादम म्हणजे चाळीस वर्षं जमिनीत भोकं पाडणारा माणूस. आमच्या रिगवर, म्हणजे भोक पाडायच्या यंत्रावर, ब्रेकचा दांडा त्यांच्या हातात असतो. सगळे त्यांना उस्ताद मानतात. गरम झऱ्यांच्या खोऱ्यात आम्ही सहाशे मीटर खाली गेलो होतो. खालच्या उकळत्या पाण्यावर वीज करता येईल का, ते बघायचं होतं. पाईप फिरतो आणि टोकाला लावलेलं बिट खडक फोडतं. पाईपमधून पातळ चिखल खाली सोडतात. तो फुटलेला चुरा घेऊन पाईपच्या बाहेरच्या अंगाने वर येतो.

माझं काम केबिनमध्ये, स्क्रीनसमोर. स्क्रीनवर सहा आकडे. पाईपचा भार, पंपाचा दाब, वर येणारा चिखल किती, तो किती गरम, असे. पोरं खिडकीतून विचारायची, “भालू, टीव्हीवर आज काय लागलंय?” मी लाजायचो. पण शिकलेली दोन मुलं सोडून नेनेसाहेबांनी ती खुर्ची मला दिली होती, आणि मनातून मला त्याचा ताठा होता.

त्या सकाळी तापमान चढलं. एकसष्ट… चौसष्ट… सत्तर. मी माईकवर ओरडलो, “आत्ता खाली तापलंय!” नेनेसाहेब, म्हणजे आमचे इंजिनियर, धावत आले. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

त्याच वेळी वर येणारा चिखल कमी होत होता. तेही मला दिसलं. खाली खडकात फट लागली होती आणि चिखल तिच्यात पळत होता. चिखल वर आला नाही तर चुरा खालीच बसतो आणि पाईपला आवळतो. एवढं मला ठाऊक होतं.

मी बोललो नाही.

आमच्याकडे जुनी रीत आहे. चांगली बातमी कुणीही द्यावी. पण पाईप फिरत असताना ‘थांबवा’ हा शब्द उस्तादाचा. त्यांच्या आधी तो कुणी उच्चारत नाही.

तीन मिनिटांनी पाईप अडकला.

सोडवता सोडवता दुपार झाली. लाकडाच्या भुशाची सतरा पोती ओतून फट बुजवली. पाईप निघाला नसता तर ते भोक कायमचं गेलं असतं. नेनेसाहेब माझ्यासमोरच चाचांना म्हणाले, “याला खुर्चीवर ठेवू की पाईप धुवायला पाठवू? उद्या सकाळी तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं करतो.”

म्हणून मी चाचांना चहाच्या शेडमध्ये गाठलं होतं. मला ती खुर्ची सोडायची नव्हती.

“चाचा, तुम्हाला नाही का कळलं? सगळे म्हणतात, तुम्हाला जमीन ऐकू येते.”

“डाव्या कानाने मला तूसुद्धा ऐकू येत नाहीस. इकडे ये, उजवीकडे.”

मी उजवीकडे गेलो.

“मेसमधून मूठभर तांदूळ आण. कच्चे.”

आणले. रिगवर तेव्हा नवा पाईप जोडायला थांबले होते. चाचांनी तांदूळ कपाळाला लावले, पुटपुटत माफी मागितली आणि पाईपच्या उघड्या तोंडात सोडले. पाईप जोडला. पंप सुरू झाला.

“घड्याळ लाव. पहिली पाच मिनिटं खाली जायची, ती सोड. पुढची मोज.”

आम्ही चाळणीपाशी जाऊन उभे राहिलो. वर आलेला चिखल तिथे गाळला जातो आणि खडकाचा चुरा जाळीवर राहतो. चाळणीवर जिवबा होता.

“चाचा, पुलाव कधी व्हायचा?” तो म्हणाला.

“तुझ्या लग्नात.”

“म्हणजे तांदूळ गेले फुकट!”

सहा मिनिटं…

नऊ…

मला वाटलं, चाचा विसरले. ते डोंगराकडे बघत होते.

चौदाव्या मिनिटाला काळ्या चिखलातून एक पांढरा दाणा जाळीवर आला. मग चार. मग पुष्कळ. चाचांनी एक दाणा उचलून माझ्या तळहातावर ठेवला.

“कसा आहे?”

“गरम.”

“कधी गरम झाला?”

“खाली होता तेव्हा.”

“म्हणजे?”

“चौदा मिनिटांपूर्वी.”

“आणि तू सकाळी काय ओरडलास?”

“…आत्ता.”

चाचा केबिनमध्ये शिरले. ते कधी आत येत नाहीत. टेबलावरची पांढरी चिकटपट्टी त्यांनी माझ्यापुढे टाकली.

“लिही. मगाशी. दोन लिही.”

मगाशी की मघाशी, मला ठाऊक नव्हतं. लिहिलं. चाचांनी एक पट्टी फाडून तापमानाच्या आकड्याखाली चिकटवली.

“हा खोटा नाही. म्हातारा आहे. त्याचं ऐकावं, पण त्याचं वय लक्षात ठेवून.”

मग वर येणाऱ्या चिखलाच्या आकड्यावर बोट ठेवलं.

“हा कधीचा?”

मी विचार केला. “खाली चिखल पळाला की वर लगेच कमी पडतो. हा… आत्ताचा.”

“सकाळी दिसला होता?”

“हो.”

“मग?”

“तुमच्या आधी कसं बोलणार, चाचा?”

त्यांनी दुसरी पट्टी फाडली आणि माझ्या शर्टाच्या खिशावर चिकटवली.

…

मला खाली बघवेना. वरही बघवेना.

“ती रीत पडली तेव्हा रिगवर एकच सुई होती,” चाचा म्हणाले. “माझ्यासमोर. बाकीच्यांना काही दिसायचंच नाही, म्हणून ते गप्प राहायचे. आता आकडे किती?”

“सहा.”

“माझ्यासमोर किती?”

“एक. भाराची सुई.”

“हं.”

ते निघून गेले. मला ठेवणार की नाही, ते विचारायचं राहिलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी खुर्चीवर बसलो. आठच्या सुमाराला वर येणारा चिखल उतरू लागला. नऊशे… आठशे वीस… सातशे. मी काचेतून चाचांकडे पाहिलं. त्यांचा हात ब्रेकवर, नजर भाराच्या सुईवर. सुई स्थिर होती. बोलायचं त्यांच्या मनात काहीच नव्हतं.

मी माईक ओढला.

“थांबवा!”

सगळ्या रिगने वळून माझ्याकडे पाहिलं. चाचांनी पाहिलं नाही. का, म्हणून विचारलं नाही. त्यांनी पाईप तळापासून नऊ मीटर वर उचलला आणि तसाच धरून ठेवला.

माणसं शोधायला धावली. खाली काही झालेलं नव्हतं. चिखल मोजणाऱ्या पात्यात कालच्या भुशाचा गोळा अडकला होता. तो काढल्याबरोबर आकडा परत नऊशेवर आला. वीस मिनिटं फुकट गेली.

पोरं खो खो हसली. जिवबा चाळणीवरून ओरडला, “भालू, अँटेना हलव रे!”

नेनेसाहेब तरातरा रिगवर चढले. मीही केबिनमधून बाहेर आलो. लपण्यात अर्थ नव्हता.

“कोण ओरडलं?”

“मी, साहेब.”

“बघा, चाचा. काल खरं होतं तेव्हा हा गप्प. आज काही नव्हतं तर बोंब मारली. सांगा आता, काय करू याचं?”

चाचांनी हात फडक्याला पुसले. एकेक बोट, सावकाश.

“राहू दे त्याला खुर्चीवर, साहेब. आज वेळेवर चुकलाय.”