वटवाघळाची टिपणं आणि साळुंकीचा पेपर

सागाच्या एका दाट जंगलात एक साळुंकी राहायची. एकदा ऐकलेलं ती कधी विसरायची नाही, आणि त्याचा तिला तोराही भारी होता. त्या जंगलात एक विद्यापीठ होतं. हसू नका पोरांनो, तिथली शिस्त तुमच्यापेक्षा कडक होती! पळसाच्या पानांवर नखांनी पेपर लिहायचे, आणि जो पहिला येईल त्याला जुन्या वडातली ढोली राहायला मिळायची. गेल्या साली वाऱ्याने साळुंकीचं घरटं पाडलं, अंडी फुटली. तिला ती ढोली हवीच होती.

यंदाचा विषय होता झोप. साळुंकीने वर्षभर इकडची काडी तिकडे केली नाही. परीक्षा तोंडावर आली तशी वटवाघळाकडून टिपणं मागून आणली आणि घोकायला बसली. तरी मनात धाकधूक होतीच. तिने शेजारणीला विचारलं, "काय गं खारूताई, दुसऱ्याची टिपणं जशीच्या तशी लिहिली तर ती चोरी नाही ना होत?"

"मीही तीच टिपणं आणलीत," खार म्हणाली. "पण मी वाचते, पानं बाजूला ठेवते, स्वतः करून बघते आणि मग माझ्या शब्दांत लिहिते. वटवाघळाचं काही घेतलं तर त्याचं नाव घालते."

"एवढा वेळ कुणाला आहे बाई!"

वरच्या फांदीवरून कावळा ओरडला, "अगं वेडे, पानं समोर ठेवून लिहिलं तर चोरी. डोक्यातून लिहिलं तर अभ्यास! घोक तू बिनधास्त."

आपल्या मनासारखं बोलणारा आपल्याला लगेच शहाणा वाटतो. साळुंकीने सगळं घोकलं, स्वल्पविरामासकट.

पेपर तपासायला होत्या घोरपडबाई. एकदा चिकटल्या की सुटायच्या नाहीत. त्यांनी साळुंकीला आणि वटवाघळाला सगळ्यांसमोर उभं केलं.

"प्रश्न होता, तुम्ही कसे झोपता? दोघांनी शब्द न् शब्द एकच लिहिलंय. 'उजाडलं की माझे डोळे मिटतात. फांदीला उलटं लटकल्याशिवाय मला झोपच येत नाही.' बोला, कुणी कुणाचं चोरलं?"

वटवाघूळ रडकुंडीला आलं. "बाई, टिपणं माझी आहेत हो! मी कशाला चोरू?"

"कळेल आत्ता. दोघंही झोपून दाखवा. लिहिलंय तसं."

वटवाघूळ फांदीला लटकलं आणि पंख गुंडाळून घोरायलासुद्धा लागलं. साळुंकीने फांदी पायांत धरली, डोकं खाली सोडलं, डोळे मिटले, आणि धप्पकन बाईंच्या पाठीवर आदळली.

"उतर खाली," बाई म्हणाल्या.

"पण बाई, मी समोर बघून नाही लिहिलं!" साळुंकी पिसं झटकत म्हणाली. "सगळं डोक्यातून आलंय!"

"डोक्यातून आलं गं, पण डोक्यात थांबलं कुठे? इकडून शिरलं, तिकडून बाहेर पडलं. आणि त्या बिचाऱ्या वटवाघळावर आळ आला तो वेगळाच! आता खरं सांग, तू झोपतेस कशी?"

हे साळुंकीने कुठे पाठ केलं नव्हतं. मग चाचरत म्हणाली, "आम्ही सगळ्या साळुंक्या संध्याकाळी एकाच झाडावर जमतो. जागेवरून भांडतो, ढकलाढकली करतो, एकमेकींच्या आयांचा उद्धार करतो. ओरडून ओरडून घसा बसला की झोप लागते."

सगळे खो खो हसले. घोरपडबाईंनी मात्र कपाळावर पंजा मारून घेतला. "अगं करंटे, हेच लिहायचं होतंस! असं उत्तर आजवर एका पेपरात वाचलं नाही मी. ढोली तुझीच होती!"

ढोली खारीला मिळाली. तिने लिहिलं होतं, 'वटवाघूळ म्हणतं, उलटं लटकून झोप छान लागते. मी लटकून पाहिलं, मला चक्कर आली. मी आपली शेपूट पांघरून झोपते.' त्या संध्याकाळी साळुंक्यांच्या झाडावर नेहमीसारखा कलकलाट झाला. एक साळुंकी तेवढी, मिळेल त्या जागेवर, न भांडता बसली.

तात्पर्य : दुसऱ्याची टिपणं खुशाल वाचावी, पण उत्तर आपल्या अकलेने लिहावं आणि ज्याचं घेतलं त्याचं नाव सांगावं. पाठ केला म्हणून दुसऱ्याचा माल आपला होत नाही.