खिंडीत न गेलेला गवा

डोंगरांनी वेढलेल्या एका कुरणात गव्यांचा एक कळप राहत असे. कुरणात शिरायला वाट एकच होती, उत्तरेकडची अरुंद खिंड. एरवी त्या वाटेने कोणी फिरकत नसे. पण बालमित्रांनो, एका वर्षी पलीकडच्या रानातली शिकार संपली आणि भुकेल्या रानकुत्र्यांची मोठी टोळी खिंडीच्या दिशेने निघाल्याची बातमी आली.

कळपातल्या थोरल्या गवीने सगळ्यांना बोलावून सांगितले, "प्रत्येक घरातला एक धडधाकट नर खिंडीत उभा राहील. ज्या घरातून कोणी जाऊ शकणार नाही, त्याच्याऐवजी शेजारच्या घरातला दुसरा जाईल. खिंड मोकळी राहिली तर एकही वासरू वाचायचं नाही."

कळपात एक तरुण गवा होता. अंगाने भरदार, आवाजाने खणखणीत. त्याच्या घरातून जाणारा तोच होता. बातमी ऐकल्यापासून त्याला घास गोड लागेना. शेवटी तो आजारी जनावरांना झाडपाला देणाऱ्या वानराकडे गेला.

"माझा मागचा पाय दुखतो," तो म्हणाला.

वानराने खूर पाहिला. "मला तर काही दिसत नाही."

"नीट पाहा. ओढ्याकाठचं उंबर यंदा लगडलंय. त्या झाडाखाली मी दुसऱ्या वानरांना येऊ देणार नाही."

वानराने खूर पुन्हा हातात घेतला. मग म्हणाला, "भेग आहे. बारीक आहे, पण आहे. या पायाने चढण चढता यायची नाही."

शेजारच्या घरात दोन भाऊ होते. थोरला निघालाच होता, आता धाकट्यालाही जावे लागले. हा धाकटा म्हणजे तरुण गव्याचा लहानपणापासूनचा सोबती. त्याची शिंगे अजून पुरती वळलीही नव्हती. निघताना तो मित्राजवळ थांबला आणि म्हणाला, "पायाला जप. मी येईपर्यंत पाण्यात उतरू नकोस." त्याला मित्राचे बोलणे खरे वाटले होते. तरुण गवा लंगडत लंगडत कुरणाच्या टोकापर्यंत त्याला पोचवायला गेला.

खिंडीत नऊ दिवस झुंज चालली. एकोणीस गवे गेले होते, बारा परत आले. शेजारचा थोरला भाऊ फाटका कान घेऊन परतला. धाकटा परतला नाही. त्यांच्या आईने एकदाच विचारले, "त्याला फार लागलं होतं का?" थोरल्याने मान खाली घातली.

दिवस गेले. तरुण गव्याचे लंगडणे हळूहळू थांबले. दरवर्षी खिंडीतल्या मृतांची आठवण काढायला कळप जमे, तेव्हा बोलायला तोच उभा राही. त्याचे बोलणे ऐकून वासरांच्या अंगावर काटा येई. थोरली गवी वारल्यावर कळपाने त्यालाच नायक केले. ताजे गवत आधी त्याला, पाणवठ्यावरची पहिली जागा त्याला.

दुपारी मात्र खिंडीतून परतलेले गवे मोहाच्या सावलीत रवंथ करत बसत. ते फारसे बोलत नसत. कधी एकाने मान हलवली की दुसऱ्याला कळे, एवढेच. नायक तिकडे गेला की ते अदबीने उठत, बाजूला सरकत आणि त्याला जागा देत. जागा इतकी मोठी असे की त्याच्या अंगाला कोणाचे अंग लागत नसे. त्याला वाटे, पूर्वीसारखे कोणीतरी खांद्याने ढकलावे, म्हणावे, सरक रे तिकडे. असे कोणी म्हणाले नाही. मग तो एकटाच टेकाडावर जाऊन बसू लागला.

काही वर्षांनी रानकुत्रे पुन्हा निघाले. नायकाने कळप जमवला आणि खणखणीत आवाजात सांगितले, "प्रत्येक घरातून एक जण जाईल. सबबी ऐकल्या जाणार नाहीत."

एक पोरगेला गवा पुढे आला. त्याचा पुढचा पाय जन्मापासून वाकडा होता. "मी येईन, पण चढायला मला वेळ लागेल," तो म्हणाला.

"पाय दुखतो म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत," नायक म्हणाला.

कोणी हसले नाही. गर्दीतून वाट काढत शेजारची म्हातारी आई पुढे आली. तिला आता धूसर दिसत असे. "नायका, एक विचारू का?" ती म्हणाली. "खिंडीत उभं राहायला जागा किती आहे? माझा धाकटा तिथे उभा होता. मला काही ते चढवलं नाही. तुला ठाऊक असेल."

नायकाने तोंड उघडले. खिंडीवर त्याने किती भाषणे केली होती! पण तिथे वाट किती रुंद आहे, पायाखाली खडक आहे की माती, हे त्याला माहीत नव्हते.

"तीन जण मावतात, आई," फाटक्या कानाचा थोरला मागून म्हणाला. "धाकटा मधे होता. माझ्या डाव्या अंगाला."

सगळे त्याच्याकडे वळले. वारा कुठून येतो, पाय कुठे रोवायचा, कुत्रे आधी कुठे झडप घालतात, असे एकेक जण विचारू लागला. थोरला सांगत होता आणि नायकासमोर आता कळपाच्या नुसत्या पाठी होत्या. मग थोरला चालू लागला, बाकीचे त्याच्यामागून निघाले. वाकड्या पायाचा पोरही निघाला.

नायक धावत त्यांच्यापर्यंत गेला. "थांबा. मी येतो."

थोरला थांबला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. "नको. तुमच्या खुराला भेग आहे. ती चढण तुम्हाला सोसायची नाही."

म्हातारी तिथेच उभी होती. माझ्या खुराला कधीच भेग नव्हती, एवढे एक वाक्य बोलले की त्याला त्यांच्याबरोबर जाता आले असते. पण ते तिच्यादेखत बोलावे लागले असते. तो बोलला नाही. गवे वळणाआड गेले.

या वेळी झुंज लवकर आटोपली. सगळे परत आले. नायकाने टेकाडावर उभे राहून स्वागताचे भाषण केले आणि सगळ्यांनी ते शांतपणे शेवटपर्यंत ऐकले. मग आया आपापल्या मुलांच्या जखमा चाटत निघाल्या, भाऊ भावांना टेकून निघाले. त्याला कोणी काही वावगे बोलले नाही. त्याचे पदही कोणी काढून घेतले नाही. थोड्याच वेळात टेकाडाभोवतीचे गवत मोकळे झाले, आणि नायक तिथे एकटा उभा राहिला.

तात्पर्य : आपल्या वाट्याचे संकट दुसऱ्यावर ढकलणाऱ्याला पुढे मानाची जागा मिळेलही, पण ज्यांनी ते सोसले त्यांच्या शेजारची जागा त्याला मिळत नाही.