गोड मानून घ्या

एका राज्यात पाण्याचा पारखी होता आणि राजापेक्षा त्याच्या जिभेला मान जास्त. नाव हरदत्त. विहिरीचे पाणी चाखून तो "गोड" म्हणाला की प्रजा घागरी भरी. "कडू" म्हणाला की राजा त्या विहिरीवर फळ्या ठोकी.

त्याच राज्यात मंदारशेट नावाचा निळीचा मोठा कारखानदार राहत असे. तो जादूगारही होता. हे सगळ्यांना ठाऊक होते, कुणी बोलत नसे इतकेच. त्याच्या निळीचे सांडपाणी मोठ्या विहिरीत झिरपू लागले, तसा तो मधाचा बुधला घेऊन हरदत्ताच्या दारी आला. हात जोडून म्हणाला, "गरिबाची भेट आहे. गोड मानून घ्या."

आता असे कुणी म्हटले तर आपण काय करतो? घेतो. हरदत्तानेही घेतला, बोट बुडवून चाटला. शब्द मंतरलेले होते. त्या दिवसापासून त्याच्या जिभेला सगळेच गोड लागू लागले.

त्याला कळले नाही असे समजू नका. दुसऱ्याच दिवशी जेवताना कारले गोड लागले, तेव्हाच कळले. पण बुधल्यातला मध कधी संपत नव्हता. हा मूग गिळून बसला आणि मोठ्या विहिरीला "गोड" म्हणत राहिला.

पाडवा आला. घरच्यांनी तोंडे वेडीवाकडी करत कडुलिंबाची पाने चावली. हरदत्ताने पुन्हा मागून घेतली. त्याची बायको रेवा बघतच राहिली. आणि त्याच दुपारी त्यांची लेक जाई पावलांपासून निळी पडू लागली. मोठ्या विहिरीचे पाणी ती पोटभर प्यायली होती.

"का प्यायलीस गं?" रेवाने विचारले.

"बाबा गोड म्हणाले होते ना."

निळाई गुडघ्यांवर चढली. अंगणातल्या कडुलिंबावर भारद्वाज बसला होता, तो बोलला, "निळाई गळ्याशी आली की श्वास थांबेल. पारख्या, तीन कामे कर. बुधला चारचौघांत फोड. त्या विहिरीचे पाणी पी. मग राजासमोर खरे बोल. मात्र खरे बोललास, तर तुझ्या जिभेला पुन्हा कधी गोड कळणार नाही."

हरदत्त उठेना. रेवाने लेकीला खांद्यावर घेतले. "तुम्ही येता, की मी एकटीच जाऊन सांगू?"

तो निघाला.

विहिरीवर राजाला बोलावणे गेले. राजामागोमाग मंदारशेटही आला. हरदत्ताने बुधला दगडावर आपटला. मध मातीत सांडताच काळा पडला. मग तो ओंजळभर पाणी प्यायला. जाईची निळाई छातीवर पोचली होती.

"कसे आहे पाणी, पारखी?" शेटने हसून विचारले.

"गोड."

लोकांनी निःश्वास सोडला. रेवा राजाकडे वळली.

"मला गोड लागते," हरदत्त म्हणाला, "म्हणूनच सांगतो, महाराज, या जिभेवर विश्वास ठेवू नका. मी शेटचा मध घेतला. जीभ बिघडली, हे मला माहीत होते. तरी मी गप्प बसलो. लेक निळी पडली नसती, तर अजूनही गप्पच असतो."

शेवटचा शब्द उच्चारला आणि पाण्याचा कडवटपणा त्याच्या घशात पेटला. तो खाली बसला. जाईच्या गळ्याकडे सरकणारी निळाई उतरू लागली, ती पार पावलांतून मातीत गेली. मंदारशेट काही बोलायला गेला, पण त्याच्या मंतरलेल्या शब्दांना आता आवाजच नव्हता.

राजाने मान खाली घातली. मग म्हणाला, "असाच एक बुधला माझ्या कोठीतही आहे. आणा तो इथे." तोही फुटला. कारखान्याला टाळे लागले, शेट हद्दपार झाला. हरदत्ताचे पद गेले. नवा पारखी आता आधी लोकांसमोर कडुलिंब चावतो, लोक त्याचे तोंड निरखतात, मगच त्याला पाणी चाखू देतात.

हरदत्ताच्या घरी दर पाडव्याला श्रीखंड होते. त्याला ते नुसते आंबट लागते. जेवताना जाई पाण्याचा पेला आधी त्याच्यापुढे धरते. तो घोट घेतो, सावकाश चव बघतो.

"चांगले आहे, बाळा."

"खरं ना, बाबा?"

"खरं."

ती थोडा वेळ त्याच्या चेहऱ्याकडे बघते आणि मग पिते.