करालकेतूच्या लेकीची पाठवणी

एका राज्यात राजा हरवला होता, आणि गंमत अशी की बारा वर्षं लोटली तरी राज्य चाललंच होतं. प्रधान मुकुटाला नमस्कार करून कारभार पाही आणि लोक म्हणत, "येईल हो, जातोय कुठे!"

त्या राज्यात चंपाळी नावाची कासारीण होती. नवरा भट्टीवर बांगड्या करी, ती गावोगाव फिरून भरी. घरी सहा वर्षांची लेक, इंदुला. एके दिवशी डोंगरावरच्या काळ्या गढीतून हाक आली, "कासारीणबाई, बांगड्या भरायच्यात!" चंपाळी आत गेली. तिच्या पाठीमागे दार भिंतीत विरून गेलं.

समोर करालकेतू मांत्रिक उभा होता. "ये मुली. आजपासून मी तुझा बाबा. ही आई, हा दादा. जेवायला बस."

आई म्हणजे एक म्हातारी, तोंडातून शब्द न काढणारी. दादा म्हणजे पन्नाशीचा गृहस्थ, पाट मांडत होता. त्याच्या कपाळावर मुकुटाचा वळ स्पष्ट दिसत होता.

"आपण तर महाराज!" चंपाळी दचकली.

"छे, मी दादा," म्हणत त्याने चटणी वाढली.

त्या गढीतलं अन्न मंतरलेलं होतं. एका जेवणाला एक आठवण जाई. जो जेवत नसे त्याचा दगडी रांजण होई; अंगणात असे अकरा रांजण ओळीने उभे होते. रोज एकदाच पंगत बसे. पहिल्या दिवशी चंपाळी गावची नदी विसरली, दुसऱ्या दिवशी नवऱ्याचा आवाज, तिसऱ्या दिवशी घराची वाट. तिला कळून चुकलं की आज ना उद्या लेकीचं नाव जाणार. मग बाहेर पडून तरी कुणाकडे जायचं?

रांजणावर एक साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "घरधन्याने राजीखुशीने निरोप दिला, तरच दार उघडतं."

"तो कशाला देईल?"

"त्याला खरं घर हवंय. घराच्या रीती त्याला मोडवत नाहीत."

चंपाळीने पदर खोचला. बापाच्या घरी लेकीचे हक्क तीन: रुसणं, हट्ट करणं आणि सासरी जाणं.

चौथ्या दिवशी ती रुसली. कोपऱ्यात तोंड फिरवून बसली. करालकेतूने आजवर डोंगर हलवले होते, पण रुसवा काढणं त्याला कुठलं ठाऊक! शेवटी स्वतः लाडू वळले, ते फुटले, तरी घेऊन आला. ती हसली तसा तो अंगणभर सांगत सुटला, "माझी लेक रुसली होती!"

पाचव्या दिवशी हट्ट. "मला झोपाळा हवा. मंत्राने नको, हाताने बांधा." त्याने बांधला. हाताला आलेले फोड तो रांजणांनासुद्धा दाखवत फिरला.

या दोन पंगतींत आणखी दोन आठवणी गेल्या, लेकीचं नाव तेवढं अजून उरलं होतं. सहाव्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, आता मला सासरी पाठवा."

करालकेतूचा चेहरा उतरला. "नाही."

"लेक घरातच राहिली तर लोक काय म्हणतील?"

"इथे लोक आहेत कुठे?"

तेव्हा बारा वर्षं गप्प असलेली म्हातारी बोलली, "मी आहे ना. पाठवणी नाही ती लेक कसली? ती बटीक."

तो शब्द त्याला लागला. तो जाऊन झोपाळ्यावर बसला. मग वाटी घेऊन आला आणि चंपाळीच्या तळहातावर दही घातलं. भिंत दुभंगली आणि बाहेरचं ऊन आत आलं.

"येते म्हण," तो हळूच म्हणाला.

घरातून निघताना 'जाते' कुणी म्हणत नाही. सगळे 'येते' म्हणतात. चंपाळीनेही जन्मभर तेच म्हटलेलं. तिला त्याची खरंच दया आली, शब्द ओठांवर आलासुद्धा. पण येते म्हटलं की हे घर आपलं झालं, हा बाप आपला झाला.

तिने दही चाटलं, हात पुसला आणि म्हणाली, "जाते."

त्या एका शब्दाने त्याचं मांडलेलं घर मोडलं आणि त्याच क्षणी अकरा रांजणांची अकरा माणसं झाली. राजाने कपाळ चाचपलं आणि हातातल्या वाढायच्या डावाकडे पाहून म्हणाला, "आम्ही हे काय करतो आहोत?" म्हातारी त्याला पोटाशी धरून रडली, ती त्याच्या शोधात मागोमाग गढीत आलेली राजमाता होती. करालकेतूचे मंत्र गळून गेले, उरला फोड आलेल्या हातांचा एक म्हातारा.

"याला कोंडा!" राजा गरजला.

"कोंडणं पुरे झालं, महाराज," चंपाळी म्हणाली. "याला धर्मशाळेत ठेवा. येणाऱ्याला वाढू दे, जाणाऱ्याला अडवू नये."

तसंच झालं. राजा सिंहासनावर बसला, प्रधानाला विश्रांती मिळाली. करालकेतूचे लाडू पुढे चांगले होऊ लागले म्हणतात.

चंपाळीला वाट आठवली होती. ती नदी उतरून घरी पोचली. दारात लेक गाल फुगवून उभी होती.

"इंदुला!" चंपाळी म्हणाली. पुन्हा म्हणाली, "इंदुला!" आणि तिसऱ्यांदा म्हणत तिने लेकीला कवेत घेतलं.

"अगं, काय आहे?"

"काही नाही गं. नुसती हाक मारली."