नेटचा ड्रायव्हर

"पण उस्ताद, माझा हात बसला असं तुम्ही कधी म्हणणार?"

दस्तगीर उस्तादांनी सोल्डरची सळई तशीच हातात धरून ठेवली. टोकावरून धुराची बारीक रेघ वर गेली.

"कशाला हवंय?"

केतकीकडे याचं उत्तर चौदा महिने तयार होतं. दर्ग्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उस्ताद चाळीस वर्षं दुरुस्त्या करत होते. आधी रेडिओ, मग टीव्ही, आता कॉम्प्युटर. गावाची रीत अशी, की शिकाऊ माणसाबद्दल उस्ताद स्वतः "हात बसला" म्हणत नाहीत, तोवर त्याच्याकडे कुणी साधा माउसही दुरुस्तीला देत नाही. एकदा म्हणाले, की दुसऱ्या दिवसापासून त्याच्या दारात बिघडलेली मशीन येऊ लागतात.

केतकीला ते दार स्वतःच्या घराचं हवं होतं. पुढच्या खोलीत टेबल टाकायचं आणि तीन वर्षांच्या रेवाला सासूबाईंच्या गावाहून घरी आणायचं. हे शिकण्यापायीच लेक तिकडे ठेवलेली. गेल्या रविवारी भेटायला गेली, तेव्हा पोरीनं तिला चुकून काकू म्हटलं. सगळे हसले. केतकीही हसली, आणि परतीच्या बसमध्ये दोन तास खिडकीकडे तोंड करून बसली.

यातलं ती काही बोलली नाही.

"घरी टेबल टाकीन म्हणते."

उस्तादांनी कोपऱ्यातल्या खोक्यांकडे मान केली. वाचनालयाच्या जंगम सरांना नवा कॉम्प्युटर हवा होता. सुटे भाग येऊन पडले होते.

"हा जोड. शुक्रवारी सर न्यायला येतील. चालता करून ठेव. तुझं तू कर."

"कुणाला विचारणार नाही," केतकी म्हणाली. "नेटवर बघणार नाही. कामावर असेन तोवर मोबाइलला हातसुद्धा लावणार नाही."

"असं?"

"असंच."

उस्ताद पुन्हा सोल्डरला लागले.

सोमवारी सकाळी तिनं मोबाइल ड्रॉवरमध्ये ठेवला. दुपारपर्यंत मशीन जोडून झालं. मदरबोर्ड बसला, प्रोसेसर बसला, पंखा फिरला, पडदा उजळला. संध्याकाळी त्यात सिस्टिम टाकून झाली, तेव्हा आपण उगाच चौदा महिने घाबरलो, असंही तिला वाटून गेलं. असं वाटलं की पुढे काहीतरी होतं, हा तिचा अनुभव होता. पण त्या संध्याकाळी तो आठवला नाही.

मंगळवारी नीट पाहिलं. पडद्यावरची अक्षरं दुकानाच्या पाटीएवढी मोठी. आवाज नाही. नेट नाही.

ड्रायव्हर नव्हते. मशीनला आपलेच अवयव कसे चालवायचे हे शिकवणारे ते छोटे प्रोग्रॅम. कान असून ऐकू येत नाही, तोंड असून बोलता येत नाही, असं ते नुकतं जन्मलेलं प्रकरण टेबलावर बसलं होतं. सगळे ड्रायव्हर नेटवर मिळतात. नेट जोडणाऱ्या भागाचा ड्रायव्हरही नेटवरच.

म्हणजे नेटसाठी ड्रायव्हर हवा, आणि ड्रायव्हरसाठी नेट.

बोर्डाच्या खोक्यात ड्रायव्हरची सीडी होती. पण हल्लीच्या कॅबिनेटना सीडी घालायला जागाच नसते.

तिनं सिस्टिम पुसून पुन्हा टाकली. नेटची वायर बदलली. वायर उलटी करून लावली, म्हणजे या टोकाचं त्या टोकाला. यानं काही होणार नाही हे तिला ठाऊक होतं. तरी लावली.

"काय म्हणतंय?" उस्तादांनी विचारलं.

"होतंय."

"काय होतंय?"

"... होतंय."

बुधवारी सिस्टिम तिसऱ्यांदा टाकली. दुपारी ड्रॉवरमध्ये फोन वाजायला लागला.

"फोन वाजतोय," उस्ताद म्हणाले.

"वाजू दे."

"पोरीचा असेल."

"अट आहे, उस्ताद."

"कुणाची?"

फोन वाजून वाजून थांबला. थोड्या वेळानं पुन्हा वाजला, पुन्हा थांबला.

गुरुवारी ती नुसतीच मशीनसमोर बसून होती. करण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि शुक्रवार उद्यावर आला होता. उद्या जंगम सर येणार, हे मुकं मशीन बघणार, आणि गावभर होणार. मग अजून एक वर्ष. वर्षानं रेवा चार वर्षांची. तेव्हा ती काय म्हणून हाक मारेल, याचा केतकी हिशेब करत बसली.

पलीकडे उस्ताद एक स्पीकर उघडून बसले होते. दोन वायरी चिमटीत धरून त्यांनी त्या उजेडात वर-खाली करून पाहिल्या. मग उठले. केतकीच्या पाठीमागून सरळ दाराशी गेले. दर्ग्याकडे फुलांची पाटी घेऊन एक बाई चालली होती.

"ताई, यातली लाल कुठली?"

बाई थांबली. "ही की, चाचा. दिसत न्हाई व्हय?"

"न्हाई दिसत."

"आन् ती हिरवी."

"दुवा लागंल."

बाई गेली. उस्ताद परत येऊन बसले आणि लाल वायर जागेवर टाकली.

केतकीची मान वळलेली तशीच राहिली. चौदा महिने हा माणूस तिलाही दिवसातून दोनदा विचारायचा, यातली लाल कुठली. तिला वाटायचं, परीक्षा घेतायत. बालवाडीतले प्रश्न इंजिनिअरिंग शिकून आलेल्या मुलीला विचारतात, म्हणून तिला दर वेळी रागही यायचा. राग गिळून ती बोट दाखवायची.

"उस्ताद... तुम्हाला रंग दिसत नाहीत?"

"लाल, हिरवा एकच दिसतो. जन्मापासून."

"आणि चाळीस वर्षं वायरींचं काम?"

"रस्ता रहदारीचा आहे."

केतकीला हसू आलं नाही.

"मग आज मला का नाही विचारलंत? मी इथंच होते."

"तू अटीत होतीस."

...

केतकीनं ड्रॉवर उघडला. आधी रेवाला फोन लावला. पोरगी जेवत होती, तोंडात घास ठेवून काहीतरी बोलली, त्यातलं निम्मं कळलं नाही. केतकी हं हं म्हणत राहिली. फोन ठेवून ती उस्तादांच्या टेबलाशी आली.

"तुमच्या जुन्या मशीनवरून ड्रायव्हर उतरवून घेऊ?"

"घे की. चार दिवस ते तिथंच आहे."

त्या मशीनच्या कीबोर्डवरची अक्षरं पुसून गेली होती. नेट मात्र होतं. बोर्डाच्या कंपनीच्या पानावर एकाच नावाचे तीन ड्रायव्हर निघाले. फरक होता तो शेवटच्या आकड्याचा.

"यातला कुठला हो?"

उस्तादांनी वाकून बघितलं. "मला नाही ठाऊक."

ते इतक्या आरामात म्हणाले, की केतकी क्षणभर बघतच राहिली.

"बोर्ड पाठवणाऱ्याला विचार," उस्ताद म्हणाले. "त्याला नसेल ठाऊक, तर तो कुणाला तरी विचारेल."

बोर्ड पाठवणाऱ्यानं दोन मिनिटांत सांगितलं. पेनड्राइव्हवर घालून तिनं ड्रायव्हर नव्या मशीनला दिला. नेट आलं. त्यामागून बाकीचं सगळं आपोआप येऊ लागलं. अक्षरं बारीक झाली, आवाज आला. मग अपडेट सुरू झाले. मशीन बंद होई, चालू होई, कॉम्प्युटर बंद करू नका असं बजावी, पुन्हा बंद होई. ताप आलेल्या पोरीजवळ बसावं तशी ती आकड्यांकडे बघत बसली.

"किती?"

"एकसष्ट टक्के."

"मघाशी किती होतं?"

"एकसष्ट."

"चहा सांग."

शुक्रवारी सकाळी शेवटचा अपडेट झाला. केतकीनं पडदा पुसला, वायरी गुंडाळल्या, आणि उस्तादांसमोर जाऊन उभी राहिली.

"मी विचारलं, उस्ताद. तुम्हाला विचारलं, बोर्डवाल्याला विचारलं. एकटीनं नाही झालं."

"हं."

"मग आता... अजून एक वर्ष?"

उस्तादांनी सळईचं टोक ओल्या स्पंजवर पुसलं. एकदा, दोनदा.

तेवढ्यात जंगम सर आले. बरोबर रिक्षा थांबवून आले होते. त्यांनी मशीन चालू करून घेतलं, चार ठिकाणी टिचक्या मारून पाहिलं, गाणं लावून पाहिलं.

"छान. कुणी जोडलं?"

"मी," केतकी म्हणाली.

सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग उस्तादांकडे. गावातला माणूस, त्याला जे ऐकायचं होतं ते उस्ताद अजून म्हणाले नव्हते.

"नाही, चांगलंच दिसतंय," सर जरा चाचरत म्हणाले. "पण उस्ताद, उद्या काही बिघडलं तर आणायचं कुठं? तुमच्याकडंच ना?"

"माझ्याकडं नको," उस्ताद केतकीकडे मान करून म्हणाले. "ह्यांच्या घरी न्या. ह्यांना सगळं येत नाही, आणि येत नाही ते ह्या विचारतात."