खडकाला पाय लागेपर्यंत

"भिंत पडायचीच होती तर पडू दे, पण ती माझ्या दादावरच का पडली?"

नथाने हे अख्ख्या गावाला विचारलं. आईला विचारलं, पाटलाला विचारलं, रानातल्या बाभळींनाही विचारलं.

मुळा नदीला तेव्हा कुणी बांध घातला नव्हता. सोनतळं गावाच्या चहूबाजूंनी नुसती काळीभोर रानं होती, आणि गावाच्या टोकाला ख्रिस्ती लोकांची थोडी घरं होती. तिथे सीलास नावाचा गवंडी राहायचा. नथा त्याचा धाकटा भाऊ. सीलास दगड बसवायचा, नथा चिखलाचा गारा कालवायचा. सीलास उठताना प्रार्थना करायचा, जेवताना करायचा, भिंतीला ओळंबा लावतानाही पुटपुटायचा. नथाची प्रार्थना मात्र एका शब्दाची होती. दादाचं संपलं की तो "आमेन" म्हणायचा, तेही भाकरीकडे बघत.

"अरे, देवाशी स्वतः दोन शब्द बोल की," त्यांची आई तबीथाबाई म्हणायची.

"दादा बोलतोय ना दोघांचं," नथा म्हणायचा.

एका वैशाखात ख्रिस्ती लोकांनी प्रार्थनेसाठी देऊळ बांधायला काढलं. आता काळ्या मातीचं कसं आहे, ती उन्हाळ्यात फसवते. इतकी कडक होते की पहार आपटली तर ठिणगी उडते. मुरमाच्या खाली खडकापर्यंत खणायचं असतं, हे या भागातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण वैशाखात पहार खणखणली की शहाण्यालाही वाटतं, लागला खडक! सीलासलाही तसंच वाटलं. "बास, कडक लागलं," तो म्हणाला, आणि त्या मातीवरच पाया भरला.

श्रावणात ती माती पाणी पिऊन फुगली. रविवारी सगळे गीत गात असताना नदीकडची भिंत पोटासारखी पुढे आली. सीलासने धावत जाऊन तिला पाठ लावली आणि ओरडला, "निघा!" असं म्हणतात, की त्या एका माणसाने अख्खी भिंत तोलून धरली. लेकुरवाळ्या निघाल्या, म्हातारे निघाले, आई निघाली, आईने नथाला मनगटाला धरून ओढलं. सगळे बाहेर आले आणि मग भिंत पडली.

सीलासला पुरून आल्यावर नथाने जाहीर केलं, "मला उत्तर मिळेपर्यंत मी आमेनसुद्धा म्हणणार नाही."

लोक म्हणाले, देवाची मर्जी. नथाने त्यांच्या अंगावर ढेकूळ फेकलं. शेवटी तो एलिया मास्तरांकडे गेला. मास्तर म्हणजे गावाला पवित्र शास्त्र वाचून दाखवणारा म्हातारा माणूस. मास्तर म्हणाले, "मला ठाऊक नाही, नथा."

"मग कुणाला ठाऊक आहे?"

"ज्याला ठाऊक आहे त्याच्याशी तू कधी बोललाच नाहीस."

नथा तिथून तडक उठला. पडक्या देवळात गेला, राडारोडा बाजूला फेकला आणि जिथे दादा गेला तिथेच खणायला लागला. का खणतोय, ते त्यालाही सांगता आलं नसतं. हाताला काहीतरी हवं होतं.

खणता खणता खड्डा कमरेला आला, मग डोक्याच्या वर गेला. रावजी पाटील काठावर उभे राहून हसायचे. "नथ्या, पाताळात सासुरवाडी आहे का रे तुझी?"

"आहे! तुम्हालाच वराडी म्हणून घेऊन जातो, उतरा!" नथा खालून ओरडायचा.

आई दोरीला भाकर बांधून सोडायची. "वर ये रे माझ्या राजा. एक मातीत गेला, दुसरा आपल्या पायाने चाललाय."

पण तो येईना. असं म्हणतात, त्या खड्ड्यात दिवसासुद्धा चांदण्या दिसायच्या. नथाच्या अंगावर मातीचा एवढा थर बसला, की चिमण्या त्याच्या खांद्यावर येऊन दाणे शोधायच्या. वरचा पाऊस खाली पोचायच्या आत धुकं व्हायचा, आणि त्या धुक्यात नथा कधी जागा असायचा, कधी झोपेतच पहार चालवायचा.

एकदा त्याने मातीचं ढेकूळ हातात घेतलं. कोरडं होतं तेव्हा दगड वाटत होतं. त्याच्या घामाने ते हातातच विरघळलं. नथा त्याच्याकडे बघत राहिला. त्याला एकदम कळलं, की त्याची भक्ती अशीच होती. ती देवावर उभीच नव्हती, दादावर उभी होती. दादा होता तोवर ती कडक लागायची. दादा गेला आणि सगळं खचलं.

मग तो रडला आणि रडत रडतच खणत राहिला. काळी संपली, पिवळी लागली, पिवळी संपून मुरूम लागला. आणि एका दुपारी पहारेचा आवाज बदलला. नथाने हातांनी माती सारली, वहाणा काढल्या आणि खडकावर उभा राहिला. खडक गार होता.

तिथे तो आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने देवाशी बोलला.

"प्रभू येशू," तो म्हणाला, "मी तुझ्यावर रागावलोय."

असं म्हणतात, की तो पुष्कळ वेळ बोलला. भांडला, शिव्या दिल्या, पाय आपटले. खडक काही हलला नाही. जितका जोर लावावा तितका तो पायाखाली घट्ट लागत गेला. उत्तर आलं नाही. पण बोलता बोलता त्याला दिसलं, की आपल्या पावलांशेजारी आणखी दोन पावलं उभी आहेत.

वर आल्यावर त्याने हे आईला सांगितलं. आईने त्याचे खांदे धरले. "माझा सीलास होता का रे?"

"नाही, आई. दादाच्या पायाची करंगळी वाकडी होती. ही पावलं सरळ होती. त्यांना आरपार जखमा होत्या."

"मग तोंड नाही पाहिलंस?"

"वर बघायची हिंमत झाली नाही. पण तो माझ्याआधीपासून तिथे उभा होता, आई."

आईने पदराने त्याचं तोंड पुसलं. "आणि उत्तर?"

"नाही मिळालं," नथा म्हणाला. "पण आता उभं राहता येतंय."

मग दोघं जेवायला बसली. जेवणाआधी नथा बोलला आणि आमेन आईने म्हटलं.

त्याच खडकावरून नथाने नवं देऊळ उभारलं. पुढे मुळेला असा पूर आला, की माणसं झाडांची टोकं बघून वाट ओळखायची. ख्रिस्ती काय, पाटील काय, अख्खं गाव त्या देवळात कोंबलं गेलं. भिंतींना पाणी धडका मारत होतं. असं म्हणतात, की तेव्हा जमिनीखालून एक गीत गुणगुणल्यासारखं येत होतं, फरशी उबदार लागत होती आणि भेदरलेली पोरं त्या आवाजाने झोपी गेली. पाणी ओसरलं तेव्हा भिंतीला चीरसुद्धा नव्हती.

रावजी पाटील पागोटं काढून वाकले. "नथाबाबा, पाया पडतो."

नथाने त्यांना दंडाला धरून उठवलं. "पाटील, पाया पडला तेव्हाच माझा दादा गेला. पडू नका. घाला पाया, खोल घाला."

पाटील आधी हसले, मग त्यांना हुंदका आला. तेव्हापासून सोनतळ्यात कुणी कुणाला 'पाया पडतो' म्हणत नाही. सून नवी आली की तिला पहिल्याच दिवशी सांगतात, आपल्याकडे 'पायाशी आहे' म्हणायचं.

आणखी एक रीत आहे. तिला 'नथाचं उतरणं' म्हणतात. घर कुणाचंही असो, पाया खडकापर्यंत खणला की घरची माणसं एकेक करून अनवाणी खाली उतरतात. तिथे पाठ केलेली प्रार्थना चालत नाही. पोटात दडवलेलं जे असेल ते देवाला सांगायचं, राग असेल तर रागही. वरचे लोक तोवर जोरजोरात हलगी वाजवतात, म्हणजे कुणाचं कुणाला ऐकू जात नाही. वर येणाऱ्याचे डोळे लाल असतात, पण कुणी काही विचारत नाही.

नथा फार म्हातारा झाला, तेव्हा पाटलाच्या नातवाचं घर बांधायला निघालं. नथाला चालवत नव्हतं. तो म्हणाला, "मला टोपलीत बसवा." विहिरीच्या दोराने त्याला खाली सोडलं. खडकावर उभं राहून त्याने त्या घरातल्या प्रत्येकाचं नाव देवापुढे घेतलं. सून पोटुशी होती. "आणि जे यायचंय ते," असंही तो म्हणाला.

असं म्हणतात, की नंतर दोर ओढला तेव्हा टोपली हलकी लागली आणि रिकामीच वर आली. कुणी म्हणतं, तसं नाही, तो दुसऱ्या दिवशी खाटेवर गेला. पण त्याआधी त्याने काय केलं, यावर सगळ्यांचं एकमत आहे. त्याने खालून हाक दिली, "दगड सोडा!" पहिला दगड खाली गेला. तो त्याने खडकावर बसवला, फटीत दगडाची एक चीप सरकवली, आणि हलत तर नाही ना, ते दोन्ही तळहातांनी दाबून बघितलं.