खाली उतरलेला डोंगर

आठवडाभर झोडपून पाऊस पहाटे थांबला होता. आभाळ घासलेल्या भांड्यासारखं लख्ख, उत्तरेचा वारा कानाच्या पाळ्यांना झोंबणारा, आणि तळाशी रोन नदी गढूळ, तांबूस, दोन्ही थड्या भरून चाललेली.

"मग आजोबा, किल्ली कधी देताय?"

बाझीलनं हे विचारलं तेव्हा म्हातारा ओनोरे मळ्यातल्या दगडी तालीवर बसून चाकूनं पाव कापत होता.

फ्रान्स देशातला तो एक लहानसा द्राक्षमळा. घरचा, वाडवडिलांपासूनचा. उभ्या डोंगरावर माती अडवायला पायरी-पायरीनं दगडी ताली रचलेल्या आणि प्रत्येक तालीमागं काळ्या द्राक्षांच्या दोन-चार ओळी. तिथं बैल चढत नाही की ट्रॅक्टर चढत नाही. चढतो तो फक्त माणूस. पण तिथली लाल वाइन... लोक म्हणायचे, घोट घेतला की आधी जिभेला डोंगर लागतो, मग द्राक्ष.

भर हिवाळ्यात द्राक्षमळेवाल्यांच्या संताचा सण येतो. त्या दिवशी तळघराची किल्ली नातवाच्या हाती द्यायची, असं ओनोरेनं कबूल केलं होतं. किल्ली ज्याच्याकडे, मळा त्याचा. आणि सण आता तोंडावर आला होता.

म्हाताऱ्यानं पावाचा तुकडा तोंडात टाकला. सावकाश चावला.

"आपला मळा कुठाय रे?"

बाझील हसला. "हे काय विचारणं झालं? हा काय, पायाखाली!"

"नीट बघ."

बाझीलनं बघितलं... वेलींच्या मुळ्या उघड्या पडल्या होत्या, म्हाताऱ्या माणसाच्या हातावरच्या शिरांसारख्या. भोवती नुसते खडे.

"पावसानं माती धुतली," तो म्हणाला.

"धुतली ती गेली कुठं?"

बाझीलनं पायथ्याकडं नजर टाकली आणि चटकन फिरवून घेतली. पायथ्याशी गास्पारचा मळा होता. सपाट, नदीकाठचा, साध्या वाइनचा. दरसाल डोंगराची माती थोडी खाली सरकायची, पण तालींना अडायची आणि ओनोरेच्या घरची माणसं ती पाठीवरच्या टोपल्यांतून पुन्हा वर नेऊन घालायची. यंदा मात्र सगळ्यात खालची ताल फुटली होती. सगळी तांबडी माती शेजाऱ्याचा बांध ओलांडून त्याच्या मळ्यात जाऊन बसली होती.

"टोपली घे," ओनोरे म्हणाला. "डोंगर खाली गेलाय. तो वर आण. मग किल्लीचं बोलू."

"गास्पारकाकाकडे मी नाही जायचा."

"का?"

बाझील बुटानं खडे उकरू लागला.

का, ते म्हाताऱ्याला ठाऊक होतं. साऱ्या गावालाच ठाऊक होतं. द्राक्षतोडणी संपल्याच्या जेवणात, भरल्या पंगतीत, बाझील पेला उंचावून उभा राहिला होता. "आमची वाइन पेल्यात ओतायची," असं म्हणाला होता, "आणि गास्पारकाकाची रश्श्यात!" लोक पोट धरून हसले. गास्पारही हसला. मग त्यानं टोपी डोक्यावर ठेवली आणि सगळ्यांच्या आधी घरी गेला.

"तुम्ही चला ना बरोबर. तुमच्या शब्दाला मान देईल तो."

"देईल की. मी गेलो तर माती येईल... पण मग किल्लीही माझ्याच खिशात राहील."

वारा तालीवरून घोंघावत गेला.

"आजोबा, ज्याच्या जमिनीत पडली, माती त्याची. तो नाही म्हणाला तर?"

"तर डोंगर त्याचा."

"आणि आपण?"

"आपण त्याचे शेजारी."

बाझीलला राग आला. "या डोंगराचं नाव कुणी केलं? आपल्या घरानं! पाठी मोडल्या त्या आपल्या माणसांच्या. त्यात गास्पारचा काय संबंध?"

म्हाताऱ्यानं मांडीवरचा पावाचा चुरा झटकला. चाकू मिटला.

"मला काय ठाऊक बाबा? त्याला विचार."

बाझीलनं टोपली पाठीवर बांधली. तालींवरून तो खाली उतरू लागला. चढणं त्याच्या सवयीचं होतं, असं उतरणं नव्हतं.

गास्पार बांधावर फावडं टेकवून उभाच होता. जाडजूड, लाल गालांचा, गुडघ्यापर्यंत बूट.

"या, या, डोंगरवाले!" तो लांबूनच ओरडला. "किती देऊ? रश्श्यापुरती, की पिंपभर?"

बाझीलचे कान तापले. एवढ्या गार वाऱ्यात तापले.

"काका, मी... माती न्यायला आलोय."

"कुणाची माती?"

"आमची."

"इथं तुमची माती कुठली? माझ्या मळ्यात आहे ती माझी."

बाझीलनं मान वर करून डोंगराकडं पाहिलं. तालीवर आजोबा बसले होते, एवढेसे दिसत होते. ते हललेसुद्धा नाहीत.

...

मग त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"खरंय. तुमचीच आहे. न्यायला नाही, मागायला आलोय."

गास्पारनं फावडं बांधात रोवलं.

"आणि त्या दिवशी पंगतीत मी जे बोललो..."

"ते खरंच बोललास तू," गास्पार म्हणाला. "बायको माझी रश्श्यातच घालते. रस्सा फक्कड होतो. ये एकदा जेवायला."

असं म्हणून तो बाजूला सरला.

त्याच्या मागं ढीग होता. पाऊस थांबल्यापासून माणूस खपला असला पाहिजे. डोंगराची सगळी तांबडी माती त्यानं फावड्यानं ओढून एका जागी केली होती. नदीकाठची काळी माती तिच्यात मिसळू दिली नव्हती. वर गोणपाट झाकून कडेनं दगड ठेवले होते, पुन्हा सर आली तर वाहून जायला नको म्हणून.

बाझीलनं पाठीवरची टोपली खाली उतरवली.

गास्पारनं गोणपाट काढलं आणि स्वतःच टोपली भरू लागला. काठोकाठ भरली. बाझीलनं पट्टे खांद्यावर चढवले, कंबर ताठ केली, पाऊल उचललं...

"थांब."

गास्पारनं एक हात बाझीलच्या खांद्यावर टेकला. एक पाय वर उचलला. खिशातून चाकू काढून बुटाच्या तळव्याला चिकटलेला तांबडा चिखल खरवडला आणि बाझीलच्या टोपलीत टाकला. मग दुसरा पाय उचलला. तोही खरवडला. तोही चिखल टोपलीत टाकला.

"हं. जा आता."

बाझीलचं पाऊल मात्र उठेना.

"काका... असली माती मागूनसुद्धा मिळत नाही. तुमच्या वेलींना घातली असती तर? ज्याच्या मळ्यात पडली त्याची. कोण विचारणार होतं तुम्हाला?"

गास्पारनं चाकू पुसला, मिटला, खिशात टाकला. मग डोळ्यांवर हात धरून डोंगराकडं पाहिलं. ऊन आता वरच्या तालींवर आलं होतं.

"पोरा, माझ्याकडे पाहुणा आला ना, की मी त्याला आधी इथं आणतो. या बांधावर. आणि वर बोट दाखवतो. म्हणतो, ती बघा, ती वाइन तिथं पिकते, आमच्या शेजारात... उद्या बोट दाखवायला वर काही उरलंच नाही, तर मी मिरवायचं काय?"